दारातली काच कुठे गेली? रेव्हिटच्या दारांमधलं दाखवणं, लपवणं आणि काढणं

(या भागाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय दार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी साधारण एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता. स्वतः बनवलेल्या दाराचं हँडल प्लॅनमध्ये काळा ठिपका होऊन दिसतं, ते कसं घालवायचं? काच नको म्हणून टिक काढली तर काच जाते पण भोक राहतं, ते कसं बुजवायचं? फॅमिली एडिटरमध्ये टिक काढली तरी वस्तू दिसतेच, म्हणजे माझं काही चुकलंय का?

तिन्हींची उत्तरं देतो. पण आधी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय ही उत्तरं म्हणजे नुसती बटणांची यादी होईल.

काही वर्षांपूर्वी चाकण एमआयडीसीतल्या एका शेडचं काम आमच्याकडे होतं. शॉपफ्लोअर, बाजूला ऑफिस, कँटीन, चेंजिंग रूम, आणि मधून जाणारा एक लांब पॅसेज. शॉपफ्लोअर आणि या बाजूच्या भागाच्या मध्ये लोखंडी फायर डोअर होती, दोन तासांची. आमच्या यादीत त्या दारांचा नंबर डी-४. अशी नऊ दारं. सात पॅसेजची, दोन चेंजिंग रूमची. दाराच्या झडपेत, म्हणजे साइटवर ज्याला आपण शटर म्हणतो त्यात, डोळ्याच्या उंचीला एक उभी काच. व्हिजन पॅनल. पलीकडून कुणी येतंय का ते दिसावं, एवढंच तिचं काम.

दाराची फॅमिली मी स्वतः बनवली होती. त्यात काचेसाठी एक येस-नो पॅरामीटर ठेवला होता. टिक असेल तर काच, नसेल तर बंद झडप. मला त्या फॅमिलीचा जरा अभिमानच होता.

काम संपत आलं तेव्हा क्लायंटकडून निरोप आला की चेंजिंग रूमच्या दारांना काच नको. बरोबरच आहे. आमच्याकडे डिप्लोमा करून नुकताच लागलेला एक मुलगा होता. त्याने चेंजिंग रूमचं दार निवडलं, एडिट टाइपमध्ये गेला, काचेची टिक काढली, ओके केलं. समोरच्या दाराची काच गेली. त्याच्या दृष्टीने काम झालं.

पण ती टिक टाइपवर होती. त्यामुळे काच दोन दारांची गेली नाही, नऊच्या नऊ दारांची गेली.

आता तुम्ही म्हणाल, ड्रॉइंग तपासताना कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? ऐका. प्लॅनची कट प्लेन मेट्रिक टेम्प्लेटमध्ये जमिनीपासून १२०० मिलिमीटरवर असते. आमच्या काचेचा खालचा काठ १३५० वर होता. म्हणजे प्लॅन काचेच्या खालून कापला जात होता. काच असो वा नसो, प्लॅन तोच. डोअर शेड्यूलमध्ये काचेचा रकानाच नव्हता, का ते पुढे सांगतो. राहिलं दारांच्या एलेव्हेशनचं पान. तिथे डी-४ आता कोरं दिसत होतं, पण त्या पानावर वीसेक दारं होती आणि मागच्या रिव्हिजनशी ताडून कुणी पाहिलं नाही. मीही नाही. सही माझी होती.

ते पान भोसरीच्या दारवाल्याकडे गेलं. त्यांनी कागदावर होतं तसं केलं. नऊ दारं, नऊ कोऱ्या झडपा. दारं बसली, रंग झाला. मग एक दिवस कँटीनच्या मावशी चहाचा ट्रे घेऊन पॅसेजमधून दाराशी आल्या आणि त्याच वेळी पलीकडून एकाने ट्रॉलीने दार ढकललं. मावशींचं मनगट सुजलं, चहा अंगावर सांडला. त्याहून जास्त काही झालं नाही, हे नशीब. पण तिथल्या सेफ्टीवाल्यांनी पहिला प्रश्न विचारला, दाराला काच का नाही?

मी दारवाल्यांना फोन केला. म्हटलं, आता काच कापून बसवता येईल का? ते म्हणाले, "सर, साधं दार असतं तर आज संध्याकाळी माणूस पाठवला असता. हे फायरचं दार आहे. ज्या दाराची टेस्ट झाली, सर्टिफिकेट त्याचं असतं. मी साइटवर भोक पाडलं तर सर्टिफिकेट गेलं. आणि सर, तुमच्या कागदावर काच नव्हती, मी कुठून आणू?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. सात झडपा नव्याने कराव्या लागल्या. पैसे कुणी किती भरले ते इथे सांगत नाही, पण आमच्या छोट्या ऑफिसला ते वर्ष जड गेलं. त्या मुलाला मी काही बोललो नाही. फॅमिली माझी होती. चूक त्याच्या क्लिकमध्ये दिसली, पण ती जन्माला आली माझ्या फॅमिलीत.

आता मुद्द्यावर येतो.

आपल्या पट्ट्यात मेकॅनिकलची मंडळी भरपूर आहेत. चाकण, भोसरी, तळवडे, कुठल्याही डिझाइन ऑफिसात जा, क्रिओ किंवा सॉलिडवर्क्सवर बसलेलं कुणीतरी भेटेलच. त्यांना विचारा, हाइड आणि सप्रेस यात फरक काय? झोपेतून उठवलं तरी सांगतील. हाइड म्हणजे भाग आहे, फक्त डोळ्यांपुढून बाजूला केलाय. बिल ऑफ मटेरियलमध्ये तो येतो. सप्रेस म्हणजे या रचनेत तो भाग नाहीच. हे दोन शब्द वेगळे असल्यामुळे त्यांची गफलत कमी होते.

गंमत बघा, रेव्हिट ज्यांनी सुरू केलं त्यातले लिओनिड रेझ हे प्रो-इंजिनिअर बनवणाऱ्या पीटीसी कंपनीतून आलेले. प्रो-इंजिनिअर म्हणजे आजच्या क्रिओचं जुनं नाव. १९९७ साली त्यांनी कंपनी काढली, २००० साली रेव्हिटची पहिली आवृत्ती आली आणि २००२ साली ऑटोडेस्कने ती कंपनी विकत घेतली. म्हणजे पॅरामीटरचा विचार आला यंत्रांच्या डिझाइनमधून. पण दाराच्या फॅमिलीत आपल्याला सप्रेसचं बटण मिळत नाही. मिळतो एक 'व्हिजिबल' नावाचा चौकोन. आणि त्या एका शब्दाखाली आपण तीन वेगळे प्रश्न कोंबतो.

पहिला प्रश्न: ही वस्तू या दारात आहे की नाही?
दुसरा प्रश्न: आहे, तर कोणत्या बाजूने आणि किती बारकाव्याने बघताना दाखवायची?
तिसरा प्रश्न: दाखवता येते, पण या पानावर हवी का?

पहिला प्रश्न वस्तूचा आहे. दुसरा रेखांकनाचा. तिसरा पानाचा. रेव्हिटमध्ये तिन्हींची जागा वेगळी आहे. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी दिलं की कुठेतरी कुणीतरी चुकीचा पत्रा कापतो. आजच्या भागातून एवढंच लक्षात ठेवलंत तरी चालेल.

आता एकेक घेऊ.

पहिला प्रश्न, आहे की नाही. हा फॅमिलीच्या आत येस-नो पॅरामीटरने सोडवायचा. काचेचा सॉलिड निवडा, प्रॉपर्टीजमध्ये व्हिजिबल दिसेल, त्याच्या उजवीकडे एक छोटं बटण असतं. ते दाबून तुमचा पॅरामीटर जोडा. फॅमिली एडिटरमध्ये टिक काढल्यावर वस्तू नाहीशी होत नाही, नुसती फिकट होते. घाबरू नका, तिथे ती तशीच दिसते, नाहीतर पुन्हा निवडणार कशी? दार प्रोजेक्टमध्ये लोड केलं की खरोखर दिसायची बंद होते. एडिटरमध्येच बघायचं असेल तर खाली व्ह्यू कंट्रोल बारवर प्रिव्ह्यू व्हिजिबिलिटी आहे, ते चालू करा.

आता ते भोक. काचेसाठी झडपेत व्हॉइडने भोक पाडलं असेल तर काचेची टिक काढून भोक बुजत नाही. व्हॉइड कापतच राहतो, त्याला काचेच्या टिकेशी देणंघेणं नाही. यावर सरळ उपाय म्हणजे व्हॉइड वापरूच नका. दोन झडपा बनवा. एक भरीव. दुसरीच्या एक्सट्रूजनच्या स्केचमध्येच आत काचेच्या मापाचा दुसरा चौकोन काढा, म्हणजे भोक जन्मतःच असेल. भोकाच्या झडपेला आणि काचेला 'काच आहे' हा पॅरामीटर जोडा. भरीव झडपेला 'बंद झडप' नावाचा दुसरा पॅरामीटर जोडा आणि त्याच्या फॉर्म्युल्यात लिहा, नॉट, कंसात काच आहे. एक चालू असेल तेव्हा दुसरी बंद. दोन्ही एकदम दिसणं किंवा दोन्ही एकदम जाणं शक्य नाही.

हँडल, पॅनिक बार, डोअर क्लोजर यांच्यासाठी दहा टिका करू नका. प्रत्येक वस्तूची वेगळी छोटी फॅमिली करून दारात बसवा आणि फॅमिली टाइप पॅरामीटर द्या. मग 'हार्डवेअर' या एका ओळीत लिव्हर की पॅनिक बार, एवढंच निवडायचं. दहा टिका म्हणजे हजाराच्या वर जोड्या होतात, आणि त्यातल्या बहुतेक मूर्खपणाच्या असतात. लिव्हरपण आहे आणि पॅनिक बारपण आहे, असं दार कुणालाच नको असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाइप की इन्स्टन्स? माझं मत सांगतो. जी गोष्ट बदलली की कारखान्यात वेगळं दार बनवावं लागतं, ती टाइपवर ठेवा, आणि टाइपच्या नावात लिहा. 'डी-४ काचेसह' आणि 'डी-४अ काचेविना'. पॅरामीटर टाइपवर होता ही माझी चूक नव्हती. टाइपचं नाव नुसतं 'डी-४' होतं, ही चूक होती. नावात काच असती तर त्या मुलाने टिक काढायच्या आधी डुप्लिकेट केलं असतं. निदान हात थबकला असता. इन्स्टन्सवर काय ठेवायचं? जे एकेका जागेवर ठरतं आणि दारवाल्याला वेगळं दार करावं लागत नाही ते. उदाहरणार्थ, एकाच मापाच्या दारापैकी कुठल्याला खाली डोअर स्टॉपर लागेल.

आणि शेड्यूलचा रकाना. फॅमिलीत बनवलेला साधा फॅमिली पॅरामीटर शेड्यूलमध्ये येत नाही, टॅगमध्येही येत नाही. तो शेअर्ड पॅरामीटर असावा लागतो. मी आळस केला होता. शेअर्ड पॅरामीटरची फाइल कोण काढत बसेल, म्हणून साधा ठेवला. पाच मिनिटं वाचवली. रकाना असता तर डी-४ पुढे 'नाही' आलं असतं आणि नऊ वेळा 'नाही' बघून कुणीतरी ओरडलं असतं.

दुसरा प्रश्न, कुठून आणि किती बारकाव्याने दाखवायचं. इथे काम आहे फॅमिली एलिमेंट व्हिजिबिलिटी सेटिंग्जचं. सॉलिड निवडलात की वर व्हिजिबिलिटी सेटिंग्ज येतं. त्यात प्लॅन, पुढून-मागून, डावी-उजवी, आणि प्लॅनमध्ये कापलं जाताना, असे चौकोन असतात. खाली कोर्स, मीडियम, फाइन.

हँडलचा काळा ठिपका इथे जातो. हँडलला प्लॅनची टिक काढा, कोर्स आणि मीडियमची काढा. १:१०० च्या प्लॅनमध्ये बिजागरी आणि हँडल यांचा चिखल होतो, १:२० च्या डिटेलमध्ये ते हवेत. म्हणून १:१०० चा व्ह्यू कोर्स, १:२० चा फाइन. दाराची थ्रीडी झडप प्लॅनमध्ये बंद अवस्थेत दिसते, ती तिथे लपवायची आणि उघडं दार व चाप सिम्बॉलिक लाइनने काढायचे. सिम्बॉलिक लाइन ज्या व्ह्यूत काढली त्याला समांतर व्ह्यूतच दिसते, त्यामुळे प्लॅनची रेघ एलेव्हेशनमध्ये घुसत नाही.

चाकणच्या शेडमध्ये रोलिंग शटर असतंच. त्याचं वरचं खोकं कट प्लेनच्या खूप वर, त्यामुळे प्लॅनमध्ये येत नाही. पण डक्टवाल्याला ते माहीत हवं, नाहीतर डक्ट खोक्यातून जाते. तिथे लपवायचं नाही, दाखवायचं आहे. प्लॅनमध्ये खोक्याच्या मापाची तुटक सिम्बॉलिक लाइन काढून ठेवा. व्हिजिबिलिटीवर काम करणं म्हणजे नेहमी काहीतरी घालवणंच नसतं.

तिसरा प्रश्न, या पानावर हवं का. याचं उत्तर फॅमिलीत नको, प्रोजेक्टमध्ये. त्यासाठी सबकॅटेगरी. दाराच्या कॅटेगरीत पॅनल, फ्रेम, ग्लास, प्लॅन स्विंग, एलेव्हेशन स्विंग या सबकॅटेगऱ्या आधीच असतात. आपण 'हार्डवेअर' नावाची एक वाढवायची. प्रत्येक सॉलिड आणि प्रत्येक रेघ योग्य सबकॅटेगरीत टाकली की व्ह्यू टेम्प्लेटमधून एका क्लिकवर पानापुरतं बंद-चालू करता येतं. कुणी एखाद्या वस्तूवर राइट क्लिक करून हाइड इन व्ह्यू करत असेल तर त्याला थांबवा. ते कुणाला सापडत नाही, मग खालचा बल्ब लावून गुलाबी रेघा शोधत बसावं लागतं.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. व्ह्यूमध्ये लपवलेलं दार शेड्यूलमध्ये मोजलं जातं. प्लॅनवर नाही म्हणजे यादीत नाही, असं नाही. दार रद्द झालं असेल तर ते डिलीट करायचं, लपवायचं नाही.

सबकॅटेगरी बंद करताना एक सावधानी. प्लॅन 'स्वच्छ' दिसावा म्हणून काही जण प्लॅन स्विंग बंद करतात. फर्निचर लेआउटला चालेल. पण फायरच्या परवानगीसाठी जाणाऱ्या पानावर ती रेघ म्हणजेच माहिती आहे. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे बाहेर पडायचं दार खोलीतून बाहेरच्या दिशेला उघडायला हवं, आणि उघडताना जाण्याचा मार्ग अडता कामा नये. रुंदी किमान १००० मिलिमीटर, उंची किमान २०००, आणि सभागृहासारख्या जागी रुंदी याच्या दुप्पट. प्लॅनवर दार कुठे उघडतं हे सांगणारी एकच गोष्ट आहे, तो चाप. तो लपवलात तर तपासणारा काय तपासणार? डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्याच्या कारखान्यात लागलेली आग आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. या पट्ट्यात बाहेर पडायच्या दाराची रेघ ही शोभेची रेघ नाही.

जे आर्किकॅडवर काम करतात त्यांनाही हेच तीन प्रश्न आहेत, फक्त जागा वेगळ्या. वस्तूचं उत्तर दाराच्या सेटिंगमध्ये, पानाचं उत्तर मॉडेल व्ह्यू ऑप्शन्समध्ये. स्केचअपच्या डायनॅमिक कंपोनंटमध्ये हिडन नावाचं ॲट्रिब्यूट असतं, आणि पानापुरतं बंद करायला टॅग. सॉफ्टवेअर बदललं तरी प्रश्न बदलत नाहीत.

शेवटी, आम्ही आता काय करतो ते सांगतो. आमच्याकडे 'दारांची भिंत' नावाची एक फाइल आहे. एक लांब भिंत, तिच्यात आमच्या लायब्ररीतलं प्रत्येक दार, प्रत्येक टाइप एकेकदा. त्या भिंतीचे ठरलेले व्ह्यू: कोर्समध्ये प्लॅन, फाइनमध्ये प्लॅन, दोन्ही बाजूंची एलेव्हेशन, एक थ्रीडी, आणि शेड्यूल. फॅमिलीत काहीही बदललं की आधी या भिंतीत लोड करायचं. प्रत्येक टिक एकदा काढायची, एकदा लावायची. काय दिसतं ते बघायचं आणि शेड्यूलमधला आकडा व रकाना बदलतो का तेही बघायचं. वीस मिनिटांचं काम आहे. ज्याने फॅमिली बनवली त्याने हे करायचं नाही, दुसऱ्याने करायचं. आपल्या हाताने केलेली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

आणि दारांचं पान बाहेर पाठवताना आम्ही दारवाल्याला फोन करतो. कागदावर काय दिसतंय ते त्याला वाचून दाखवायला सांगतो. "डी-४, लोखंडी, दोन तासांचं, काचेसह, पॅनिक बार." तो वाचतो, आम्ही शेड्यूल धरून बसतो. भोसरीचे तेच दारवाले आजही आमची दारं बनवतात. परवा फोनवर म्हणाले, "सर, काच आहे, दिसतीय मला." मी म्हटलं, दादा, तरी किती दारांना आहे ते मोजून सांगा. हसले, आणि मोजून सांगितलं. सात.

तो मुलगा आता आमच्या लायब्ररीचं काम बघतो. दारांची भिंत ही त्याचीच कल्पना.

तर मंडळी, सोमवारी ऑफिसात गेलात की एकच करा. तुम्ही सगळ्यात जास्त वापरता ते दार उघडा आणि त्यातल्या प्रत्येक टिकेला विचारा, तू वस्तूची, रेखांकनाची की पानाची? जिला उत्तर देता येत नाही ती चुकीच्या जागी आहे. काही अडलं तर कळवा, पुढच्या एखाद्या भागात घेऊ. तोपर्यंत काळजी घ्या, आणि दार ढकलायच्या आधी काचेतून बघा.